उत्सर्ग आणि उपसा

जमिनीच्या मालकीत तिच्याखालच्या पाण्याची मालकीही येते का, हा प्रश्न दिवाणी न्यायालयात सुटण्याजोगा वाटला, तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. कारण स्वतःचे काय, सर्वांचे काय आणि सर्वांच्या वस्तूतून एकाने किती घ्यावे, हे ठरवल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी आणि तिच्या आसपासच्या गावांपुढे हा प्रश्न पायाखालच्या खडकानेच मांडून ठेवलेला आहे. हा सगळा प्रदेश दख्खनच्या लाव्ह्यातून घडलेल्या बेसाल्टचा आहे, पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात पडतो आणि तोही एखाद्या वर्षी निम्म्यावर येतो. अकोलादेव येथे जीवरेखा नदीवर मध्यम प्रकल्प आहे. पण शेतीचा खरा भार विहिरी, बोअर आणि अलीकडच्या काळात शेततळी यांच्यावर आहे.

विहीर खोदणारा माणूस या खडकाचे थर नावानिशी ओळखतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भुसभुशीत, बारीक पोकळ्या असलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण, ज्यात पाणी राहते ते फक्त भेगांपुरते. म्हणजे जमिनीखाली पाण्याचे तळे नाही. ओलसर दगड आहे, आणि त्या दगडाच्या एकूण घनफळापैकी उपशाने हाती लागणारे पाणी शेकडा १ ते ३ इतकेच असते. नदीगाळाच्या मैदानात हे प्रमाण कितीतरी अधिक असते, म्हणून गंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला जे परवडते ते मराठवाड्यात परवडत नाही. शिवाय मांजऱ्या आणि भेगा बांधाशी थांबत नाहीत. एका गटातल्या विहिरीवर मोटार चालू झाली की पाणी शेजारच्या गटातूनही सरकत येते, आणि ते कोणाच्या हद्दीतून किती आले याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही.

एका शेततळ्याचा हिशेब मांडला म्हणजे हे नेमके कळते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे तिरप्या काठांचे शेततळे भरायला सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी लागते. हे तळे ओढ्याच्या वाहत्या पाण्याने न भरता विहिरीच्या उपशाने भरले आणि खडकातून मिळणारे पाणी शेकडा २ धरले, तर तेवढ्यासाठी सुमारे १ लाख १० हजार घनमीटर खडक रिता व्हावा लागतो. म्हणजेच ११ हेक्टर किंवा २७ एकर क्षेत्रातील भूजलाची पातळी १ मीटरने खाली जावी लागते. तळ्याचा मालक पाच एकरांचा धनी असेल, तर उरलेल्या बावीस एकरांखालचे पाणी कोणाचे होते, हा प्रश्न येथे आकड्यांनीच उभा राहतो. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यातून पाणी पुन्हा खाली मुरत नाही आणि मराठवाड्याच्या उन्हात उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी दीड मीटरहून जाड थर वाफ होऊन जातो, ही त्यात आणखी भर. सावलीत, दगडाच्या पोटात सुरक्षित असलेले सामाईक पाणी उन्हात आणून खाजगी करण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो बहुतेक वेळा शासकीय अनुदानावर उभा राहिलेला आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेचा हेतू पावसाचे पाणी अडवण्याचा होता. तळे कशाने भरायचे हे मात्र शेवटी मोटारीच्या बटणावर ठरते.

तरीही शेततळे करणाऱ्याला लोभी ठरवून मोकळे होणे हा आळस होईल. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. दहा-बारा वर्षे वाढवलेले झाड एका उन्हाळ्यात सरपण झाले. फळबाग ही ज्वारीसारखी नसते. ज्वारी एक वर्ष बुडते, बाग बुडाली की दशक बुडते. देऊळगाव राजा-जाफराबाद पट्ट्यात शेडनेटमध्ये होणारे भाजीपाल्याचे बीजोत्पादन थोड्या पाण्यात चांगला पैसा देते, पण ते पाणी ठरल्या दिवशी मिळालेच पाहिजे. अशा शेतकऱ्याने मे महिन्याची तरतूद म्हणून ऑक्टोबरात पाणी उचलून ठेवले, तर व्यवहारज्ञानाच्या कोणत्याही कसोटीवर तो चुकत नाही. शेजारी तेच करतो, त्याचा शेजारीही तेच करतो, आणि सगळे शहाणे मिळून फेब्रुवारीत गावची पिण्याच्या पाण्याची विहीर कोरडी करतात. नीतिशास्त्रापुढची अडचण येथेच आहे: यात दोषी माणूस सापडत नाही, फक्त दोष सापडतो.

मराठीत संकटांची वाटणी पूर्वीपासून अस्मानी आणि सुलतानी अशी केली जाते. पाऊस न पडणे ही अस्मानी, सारा माफ न होणे ही सुलतानी. भूजलाची टंचाई या दोन्हींत बसत नाही, कारण ती देवाने पाठवलेली नसते आणि सरकारनेही पूर्णपणे ओढवलेली नसते. ती बरीचशी बांधापलीकडून आलेली असते. पण तिसऱ्या प्रकाराला नाव नसल्यामुळे गाऱ्हाणे पहिल्या दोघांकडेच जाते: पावसासाठी देव पाण्यात ठेवले जातात आणि टँकरसाठी तहसीलवर मोर्चा जातो. धरण भरले की साडीचोळी आणि नारळ अर्पून जलपूजन होते. या पूजनात कृतज्ञता असते हे खरे, परंतु तिच्यातून कोणावर कसलेही बंधन येत नाही. पूजा करून परतलेला माणूस त्याच संध्याकाळी मोटार चालू करू शकतो. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले भोगून त्यांना परत काही न देणाऱ्याला चोर म्हटले आहे. नारळ म्हणजे परतफेड असे मानले, तर या विचाराची धारच जाते.

कायद्याने दिलेले उत्तर आणखी सैल आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे एका मालमत्तेच्या मालकाला दुसऱ्याच्या मालमत्तेसंबंधाने कोणते हक्क असतात हे सांगणाऱ्या कायद्यात, जमीनमालकाला आपल्या हद्दीतील आणि निश्चित प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क सांगितलेला आहे. हा नियम इंग्लंडच्या न्यायालयांतून आला. तेथे भूजलाचे चलनवलन अज्ञात मानले जात होते आणि जे दिसत नाही त्याचा न्याय करता येत नाही, अशी न्यायाधीशांची भूमिका होती. मोटेने किंवा रहाटाने पाणी काढण्याच्या काळात हे अज्ञान फारसे महाग पडले नाही, कारण बैलाच्या ताकदीला आणि मोटेच्या खोलीला नैसर्गिक मर्यादा होती. विजेची मोटार आणि बोअरचे यंत्र आल्यावर ही मर्यादा गेली. मालकीची कल्पना मात्र मोटेच्या काळातलीच राहिली.

या पार्श्वभूमीवर धर्मशास्त्रातील एक फारशी चर्चेत नसलेली संकल्पना नव्याने तपासण्याजोगी आहे. विहीर, बारव, तळे बांधणे, झाडे लावणे, अन्नछत्र घालणे अशा लोकोपयोगी कामांना धर्मशास्त्रात ‘पूर्त’ म्हणतात आणि ते यज्ञयागादी ‘इष्ट’ कर्मांच्या जोडीने सांगितले जाते. पूर्त कर्म बांधकामाने पुरे होत नाही; ते पुरे होते ‘उत्सर्गा’ने, म्हणजे बांधणाऱ्याने विधिपूर्वक त्या जलाशयावरील स्वत्व सोडून तो सर्व भूतमात्रांसाठी मोकळा करण्याने. सतराव्या शतकात काशीत लिहिणाऱ्या नीलकंठ भट्टांच्या ‘भगवंतभास्कर’ या बारा मयूखांच्या ग्रंथातील एक मयूख उत्सर्गालाच वाहिलेला आहे, आणि या भट्ट घराण्याचे मूळ गाव गोदाकाठचे पैठण हे होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील फरक नेमकेपणाने मांडला आहे. दानात देणाऱ्याचे स्वत्व जाते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होते, त्यामुळे दिलेली वस्तू दात्याला पुन्हा वापरता येत नाही. उत्सर्गात देणाऱ्याचे स्वत्व जाते, परंतु दुसरा कोणी एक मालक उभा राहत नाही. म्हणून बहुतेक ग्रंथकारांच्या मते उत्सर्ग करणारा त्या पाण्याचा उपयोग सर्वांपैकी एक म्हणून करू शकतो. काही थोड्या ग्रंथकारांनी तेवढाही वापर टाळावा असे म्हटले आहे.

या भेदात पाणीवाटपाचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेले आहे. आधुनिक वाद बहुधा दोन टोकांत अडकतो: पाणी एक तर खाजगी मालमत्ता आहे, नाही तर सरकारी. खाजगी म्हटले की बोअरची शर्यत लागते. सरकारी म्हटले की गाव हात झटकते. उत्सर्गाची कल्पना या दोहोंहून वेगळी आहे, कारण तिच्यात वापर टिकतो आणि मालकी जाते. ज्याने श्रम आणि पैसा घातला तोही पाणी घेतो, पण आपण घातले म्हणून घेत नाही; घेणाऱ्यांच्या रांगेत तो एक असतो आणि रांगेतली त्याची जागा त्याच्या खर्चाने ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीच्या काठाविषयीच्या कमलनाथ प्रकरणात नद्या, वने, हवा अशा संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे असे तत्त्व स्वीकारले. त्याची मुळे, वाहते पाणी आणि समुद्र सर्वांचे मानणाऱ्या रोमन कायद्यात दाखवली जातात. विश्वस्ताच्या कल्पनेत मात्र एक उणीव राहते: विश्वस्त सांभाळतो आणि बाकीचे लाभार्थी असतात, म्हणजे संयमाचे ओझे एकट्या विश्वस्तावर पडते. उत्सर्गात ते प्रत्येक वापरणाऱ्यावर पडते. मराठवाड्यातील भूजलाला हेच लागू पडते, कारण हजारो मोटारींवर पहारा ठेवील असा विश्वस्त अस्तित्वात येणे शक्य नाही.

ही संकल्पना जशीच्या तशी उचलता मात्र येत नाही, आणि तिच्या गौरवात रमणाऱ्यांनी येथे थांबून पाहिले पाहिजे. सर्व भूतांसाठी सोडलेल्या पाण्यावर गाईगुरे आणि पक्षी येऊ शकत होते. अस्पृश्य मानलेली माणसे येऊ शकत नव्हती. जोतीराव फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला करावा लागला, तो ‘सर्व’ या शब्दात सर्व येत नव्हते म्हणूनच. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करणारा बोले ठराव मंजूर झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तेथे पाणी प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात गेला. हा वाद मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली आंबेडकरांच्या बाजूने निकालात काढला. ‘हे पाणी सर्वांचे नाही, आमचे आहे’ असे म्हणण्याची वेळ आल्यावर खाजगी मालकीचा आधार घेतला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाडचा प्रश्न तहानेचा कमी आणि माणूसपणाचा अधिक होता, हे आंबेडकरांनी स्पष्टच सांगितले होते. तेव्हा उत्सर्गाची खरी कसोटी विधीच्या शुद्धतेत नसून ‘सर्व’ कोण, या उत्तरात आहे.

इस्लामी न्यायविचाराने याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. निजामाच्या अमलाखाली दीर्घकाळ राहिलेल्या या प्रदेशाला तो परका नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहरींची जी व्यवस्था उभारली, ती याच संस्कारातली. या परंपरेत पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व माणसे भागीदार मानली जातात, आणि तहानलेल्या माणसाचा व जनावराचा हक्क शेताच्या सिंचनाच्या हक्काहून वेगळा आणि वरचढ धरला जातो. शिवाय प्रत्येक विहिरीभोवती ‘हरीम’ म्हणजे संरक्षित वर्तुळ असते, ज्यात दुसऱ्याने विहीर खणू नये. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध घातले, तेव्हा नकळत हरीमच पुन्हा आणला. उत्सर्गात जे नव्हते ते यात आहे: हक्कांची उतरंड आणि मोजता येईल असे अंतर.

अंतराचा प्रश्न गावाच्या बांधावर संपत नाही, तो नदीच्या खोऱ्याला जाऊन भिडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वरच्या तलावाने खालच्या तलावाचा ओघ अडवू नये असा नियम आहे. अपवाद एवढाच की खालचा तलाव तीन वर्षे वापराविना पडलेला असावा. गोदावरी खोऱ्यात हाच नियम नव्या भाषेत यावा लागला. १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाच्या वर, नाशिक आणि नगर जिल्ह्यांत, एकामागून एक धरणे झाली आणि जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, अनेक वर्षी अर्धाही भरेनासा झाला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्व धरणांतील पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर जवळपास सारखी राहावी असे सांगितले गेले, २०१४ साली प्राधिकरणाने तसा आदेश दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. तरीही पाणी सोडण्याच्या प्रत्येक वर्षी वरच्या जिल्ह्यांत आंदोलने होतात, आणि मराठवाड्यात त्या विरोधाला अन्याय म्हणतात. ज्या संत एकनाथांच्या नावाने हा जलाशय ओळखला जातो, त्यांनी रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, अशी परंपरेची कथा आहे. तिचा अर्थ नेहमी भूतदयेचा लावला जातो, पण त्यात हक्काचाही विचार आहे: ते पाणी संकल्पाने देवाचे झालेले होते, आणि तहानेने देवाची मालकीसुद्धा रद्द केली.

टेंभुर्णीसारख्या गावाची नैतिक स्थिती या वादात दिसते तितकी सोपी नाही. मराठवाडा म्हणून हा भाग खालच्या अंगाला असल्याचे गाऱ्हाणे मांडतो. जालना शहर जायकवाडीचे पाणी पिते, त्यामुळे ते गाऱ्हाणे खरेही आहे. पण जाफराबाद तालुका स्वतः पूर्णा नदीच्या वरच्या अंगाला आहे. येथील पाणी पूर्णेतून बुलढाणा जिल्ह्यातील खडकपूर्णा प्रकल्पाकडे आणि तेथून पुढे येलदरी-सिद्धेश्वर धरणांकडे जाते. खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखासागर असे नाव आहे, कारण देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा हे चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. ज्याला देवळाच्या पायरीबाहेर ठेवले त्याच्या नावाचा जलाशय खाली आणि उपसा करणारे वर, अशी ही रचना आहे. नाशिककरांकडून जे मागायचे तेच चोखासागराला देण्याची तयारी असल्याशिवाय मागणीला नैतिक वजन येत नाही, आणि ही तयारी आजवर ग्रामसभांच्या ठरावांत फारशी दिसलेली नाही.

‘सर्व’ या शब्दाला गावाच्या पातळीवर आकडा देण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात विलासराव साळुंखे यांनी केला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू झालेल्या त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम थोडेच होते: पाणी जमिनीला नाही तर माणसाला, दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही, आणि जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. शेवटचा नियम सर्वांत मूलगामी आहे, कारण १८८२ च्या कायद्याने जमीन आणि पाणी यांची जी गाठ मारली ती तो सोडवतो. भूमिहीनाला वाटा देण्यात महाडचा धडाही गिरवलेला दिसतो, मग तो जाणीवपूर्वक असो वा नसो. हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअर न घेण्याचा निर्णय आणि दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद यांतून दुसरी वाट दाखवली. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा कामे झाली आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण सगळ्यांनी मिळून मुरवलेले पाणी एकेकट्याने उपसावे की नाही, याचे उत्तर बांधबंदिस्तीत नसते, ते वेगळे ठरवावे लागते.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रासाठी पाणलोटनिहाय समिती, भूजल वापराचा आणि पिकांचा आराखडा यांची तरतूद आहे, म्हणजे ‘सर्व’ कोण हे ठरवायला निदान एक बैठक उपलब्ध आहे. तिच्यात पाणलोटातील गावे बसतात. चोखासागराच्या काठची गावे बसत नाहीत. दुसरीकडे समन्यायी वाटपाचा कायदा जी टक्केवारी पाहतो ती धरणांतील साठ्याची असते. पावसाळ्यानंतर ओढे आणि नद्या वाहत राहतात त्या बऱ्याचशा आजूबाजूच्या खडकातून येणाऱ्या पाझरामुळे. हा पाझर विहिरींनी वरच तोडला, तर धरणात कमी आलेले पाणी कमी पावसाच्या खात्यावर लिहिले जाते. वरच्या गावाने नदीवर बंधारा घातला तर खालचे गाव तक्रार करू शकते. दोनशे विहिरींनी डिसेंबरातच नदी आटवली, तर तक्रार कोणाविरुद्ध आणि कोणत्या कलमाखाली करायची, हे दोन्ही कायद्यांना सांगता येत नाही. भूजलाचा हिशेब धरणांच्या हिशेबाला जोडला जात नाही तोवर खालच्या गावाला नैतिक दावा आहे, पण तो मांडायला जागा नाही. आणि वरच्या गावाला उत्सर्ग करायचा झाला, तरी आपण किती सोडले हे दाखवायला वही नाही.